घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला सी अ‍ॅनिमोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाऱ्या पाण्याचा टँक घरात आला, क्लाउनफिशची जोडी रुळली, की बहुतेकांना पुढची ओढ लागते ती अ‍ॅनिमोनची. तो मिळतोही सहज. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला चक्कर मारली तरी एखाद-दुसरा दिसतो. पण विकत आणलेले कित्येक अ‍ॅनिमोन काही महिन्यांतच दगावतात, आणि त्याची कारणं जवळजवळ नेहमी तीच असतात: घाई, डळमळणारं पाणी, कमी उजेड आणि उघडा पंप. यातलं एकही कारण टाळता न येण्यासारखं नाही. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. वेगळं म्हटलं नसेल तिथे उत्तर बबल-टिप अ‍ॅनिमोनला धरून आहे, कारण घरच्या टँकसाठी तोच सगळ्यांत योग्य.

अ‍ॅनिमोन म्हणजे वनस्पती की प्राणी?

प्राणी. प्रवाळ आणि जेलीफिश यांचा नातलग. हाडं नाहीत, कवच नाही, मेंदूही नाही. खाली दगडाला चिकटणारा पाय, वर तोंडाची चकती आणि तिच्याभोवती डंख मारणाऱ्या पेशींनी भरलेले टेंटॅकल्स. तोंड एकच असतं. अन्न त्यातून आत जातं आणि मळही त्यातूनच बाहेर पडतो.

क्लाउनफिशना आसरा देणाऱ्या अ‍ॅनिमोनच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. अ‍ॅनिमोनचा तपकिरी किंवा हिरवट-तपकिरी रंग बराचसा या शैवालाचाच. म्हणजे तुम्ही एक नाही, दोन जीव सांभाळत असता. मांसाचा तुकडा वरच्याला पुरतो, पण आतल्याला उजेडच लागतो. पुढची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीतून निघतात.

टँक सुरू करून दोन महिने झाले. अमोनिया, नायट्राइट शून्य आहे. आता आणू का?

नको. किमान सहा महिने थांबा, आठ-दहा महिने थांबलात तर आणखी चांगलं.

अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येणं म्हणजे जिवाणूंची पहिली फळी उभी राहिली, एवढंच. त्यानंतरही नव्या टँकमध्ये बरंच काही चालू असतं. आधी तपकिरी डायटम येतात, मग हिरवं शैवाल, नायट्रेट चढतं-उतरतं, अल्कलिनिटी (आम्ल शोषून पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) घसरते. मासा हे चढउतार पुष्कळ सोसतो. अ‍ॅनिमोनचं अंग मऊ, उघडं आणि पाण्याने भरलेलं. बाहेरच्या पाण्यात जे बदलेल ते त्याच्या अंगाला लगेच लागतं. आणि सहा महिन्यांत टँकइतकेच तुम्हीही तयार होता. बाष्पीभवन रोज किती होतं, मीठ किती लागतं, कोणत्या महिन्यात तापमान चढतं, हे तोपर्यंत हाताला कळलेलं असतं.

कोणती जात घ्यावी?

बबल-टिप, शास्त्रीय नाव एन्टाक्मिया क्वाड्रिकलर. क्लाउनफिशच्या बऱ्याच जाती याच अ‍ॅनिमोनमध्ये राहतात, हा टँकमध्ये दुभागून वाढतो, आणि एखाद्या हौशी माणसाच्या टँकमध्ये वाढलेलं पिल्लू मिळू शकतं. असं पिल्लू मिळालं तर दुकानात नुकत्याच उतरलेल्या, समुद्रातून काढलेल्या मोठ्या अ‍ॅनिमोनकडे बघूही नका. टँकमध्ये वाढलेला जीव दिव्याला, मिठाच्या पाण्याला आणि माणसाच्या वेळापत्रकाला आधीच सरावलेला असतो.

कार्पेट अ‍ॅनिमोन दिसायला भव्य, पण नवख्यांसाठी नाही. हॅडोनी कार्पेटला पाय रोवायला वाळूचा जाड थर लागतो आणि तो मासे पकडून खातो. दुसऱ्या कार्पेट जातीला, जायगँटियाला, तीव्र उजेड आणि प्रवाह हवा. मॅग्निफिका, ज्याला दुकानदार रिटेरी म्हणतात, तो समुद्रात मीटरभर रुंद होतो आणि टँकमध्ये सतत जागा बदलतो. जायगँटिया आणि मॅग्निफिका प्रवासातच आजारी पडून येतात, असा जगभरच्या हौशी मंडळींचा अनुभव आहे. कॅरिबियन समुद्रातला कॉन्डिलॅक्टिस तुलनेने स्वस्त मिळतो, पण क्लाउनफिश त्याचे नैसर्गिक सोबती नाहीत.

दुकानात निवडताना काय पाहावं?

चार गोष्टी. तोंड घट्ट मिटलेलं असावं. ते आ वासून उघडं असेल किंवा आतला भाग बाहेर लोंबत असेल तर सोडून द्या. पाय काचेला किंवा दगडाला पक्का धरलेला असावा आणि फाटलेला नसावा. पिशवीत घालताना दुकानदार पाय कसा सोडवतो ते उभं राहून बघा. नखाने ओरबाडत असेल तर तो अ‍ॅनिमोन घेऊ नका. टेंटॅकलला बोट लागलं की ते फणसाच्या चिकासारखं चिकटायला हवं. आणि रंग.

रंगाचं नीट ऐका, कारण फसगत इथेच होते. शुभ्र पांढरा, पारदर्शक अ‍ॅनिमोन ही दुर्मीळ जात नव्हे. त्याच्यातलं शैवाल निघून गेलेलं आहे आणि तो उपाशी आहे. सबंध अंगभर एकसारखा भडक पिवळा, निळा किंवा गुलाबी असेल तर बहुधा रंगवलेला असतो. रोझ बबल-टिपचा गुलाबी-लाल रंग खरा असतो, पण त्याच्या मागे तपकिरी छटा दिसते. शंका आली तर दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा आणि आठवड्याने पुन्हा जाऊन बघा. आठवडाभर तिथे नीट राहिला तरच घ्या.

टँक केवढा असावा?

बबल-टिपसाठी निदान 150 ते 200 लिटर. लहान टँकमध्ये अ‍ॅनिमोन मावतो, पण पाणी स्थिर राहत नाही. एका दिवसाच्या बाष्पीभवनाने खारटपणा हलतो. कार्पेट आणि मॅग्निफिकासाठी 400 लिटरच्या खाली विचार नको.

नळाचं पाणी चालेल? बोअरचं? घरच्या आरओचं?

मीठ कालवायला शुद्ध पाणी लागतं, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधून (उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या गाळणीतून) गेलेलं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. मुंबईच्या नळाला भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं पाणी येतं आणि त्याचा टीडीएस कमी असतो. म्हणून पुष्कळांना ते थेट वापरावंसं वाटतं. पण त्यात क्लोरीन असतं, आणि इमारतीच्या टाकीतून, जुन्या पाइपांतून येताना धातूही येऊ शकतात. बोअरच्या पाण्याचं तर नावच नको. त्यात क्षार भरपूर असतात.

घरच्या पिण्याच्या आरओबद्दल मात्र नीट समजून घ्या. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून यंत्र थोडं कच्चं पाणी किंवा क्षार पुन्हा मिसळतं. नळातून येणारं ते पाणी टँकसाठी योग्य नाही. मेम्ब्रेननंतर लगेच फाटा काढून पाणी घ्या आणि पुढे डीआयची नळी जोडा. हे काम आरओ दुरुस्त करणारा माणूस अर्ध्या तासात करून देतो.

थेट समुद्राचं पाणी आणलं तर?

मुंबईच्या किनाऱ्याचं नको. सांडपाणी, तेल, आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांच्या गोड्या पाण्यामुळे घसरलेला खारटपणा, यांतलं काही ना काही त्यात असतंच. बाजारात मिळणारं रीफ सॉल्ट वापरा. लिटरला साधारण 36 ते 38 ग्रॅम लागतं. नेमका आकडा पाकिटावर असतो. आदल्या दिवशी कालवून पंपाने फिरवत ठेवा, तापमान टँकइतकं झालं की मगच टँकचं पाणी बदला. स्वयंपाकाचं मीठ किंवा खडे मीठ यासाठी चालत नाही.

पाण्याचे आकडे किती असावेत?

खारटपणा दर हजारी 35, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026. तापमान 25 ते 27 अंश सेल्सिअस. पीएच 8.1 ते 8.4. अल्कलिनिटी 8 ते 10 डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक), कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम. अमोनिया, नायट्राइट शून्य. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम, फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम.

शेवटचे दोन आकडे शून्य नाहीत हे लक्षात घ्या. आतल्या शैवालाला थोडं नायट्रेट, थोडं फॉस्फेट लागतंच. हे दोन्ही अगदी शून्यावर आणलेल्या टँकमध्ये अ‍ॅनिमोन फिकटतात.

आणि आकड्यांपेक्षा त्यांचा स्थिरपणा मोलाचा. अल्कलिनिटी वर्षभर 8 राहिली तर उत्तम, वर्षभर 9.5 राहिली तरी उत्तम. सोमवारी 7 आणि शुक्रवारी 10 झाली तर अ‍ॅनिमोन पाय सोडून निघतो. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजा आणि ते यंत्र 35च्या कॅलिब्रेशन द्रावणाने मधूनमधून तपासा. काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरवर भिस्त ठेवू नका. कोणतीही गोष्ट सुधारायची झाली तरी हळूहळू, दोन-चार दिवसांत विभागून सुधारा.

पाणी रोज कमी होतं. मिठाचं पाणी घालून भरू का?

नाही. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. भर नेहमी शुद्ध गोड्या पाण्याची. रोज थोडी थोडी घाला किंवा ऑटो टॉप-ऑफ (पातळी घसरली की आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) लावा. माझ्या मते अ‍ॅनिमोनच्या टँकला महागड्या दिव्याच्या आधी ऑटो टॉप-ऑफ हवा.

मे महिन्यात टँक 31 अंशांवर जातो. काय करू?

28च्या पुढे अ‍ॅनिमोनला त्रास सुरू होतो; सतत 30 राहिलं तर शैवाल त्याचं अंग सोडून जातं. समुद्रातही हेच घडतं. 1998, 2010 आणि 2016 साली पाणी तापल्यावर लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले.

पंख्याचा उपाय गावागावाप्रमाणे बदलतो. पृष्ठभागावर छोटा पंखा मारला की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं. पुणे, नाशिक, नागपूर इथल्या कोरड्या उन्हाळ्यात याने दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे पंखा फारसा कामाचा नाही. तिथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतो किंवा टँक एसी असलेल्या खोलीत ठेवावा लागतो. फक्त रात्रीपुरता एसी लावून उपयोग नाही, कारण दिवसा 30 आणि रात्री 25 हा झोकाच जास्त घातक. टँक घेण्याआधीच चिलरची तरतूद ठेवा. बर्फाच्या बाटल्या सोडणं हा एखाद्या दिवशीचा अडीनडीचा उपाय.

पंखा लावला की बाष्पीभवन वाढतं, म्हणजे गोड्या पाण्याची भरही वाढवावी लागते. हे विसरलं जातं.

उजेड किती हवा?

प्रवाळांसाठी बनवलेला रीफ एलईडी, दिवसाला 8 ते 10 तास. अ‍ॅनिमोन बसतो तिथे पार, म्हणजे शैवालाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप, साधारण 150 ते 300 असावा. पार मीटर महाग असतो. शहरातल्या एखाद्या हौशी मित्राकडून एका दिवसासाठी मागून आणा आणि टँकच्या चार-पाच ठिकाणी मोजून ठेवा. गोड्या पाण्याच्या टँकची पांढरी ट्यूब किंवा खिडकीतलं ऊन चालणार नाही. नवा अ‍ॅनिमोन आणल्यावर दिवा निम्म्यावर ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू चढवा.

टँकमध्ये सोडताना काय काळजी घ्यावी?

दिवे मंद करा. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवून तापमान जुळवा, मग त्यातलं पाणी छोट्या बादलीत घेऊन बारीक नळीने तासभर टँकचं पाणी थेंब-थेंब सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

बबल-टिपला दगडातली कपार आवडते. पाय अंधारात खोल, टेंटॅकल्स उजेडात, अशी जागा हेरून ठेवा. वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह तयार करणारा पंप) बंद करून त्याला अलगद कपारीच्या तोंडाशी ठेवा आणि पाय धरेपर्यंत, तास-दोन तास, प्रवाह बंदच राहू द्या. पाय पकडला की तुमचं काम संपलं. पुढचे काही दिवस टँकमध्ये हात घालू नका. दगडाखाली गेला, आक्रसला, वाकडा झाला, तरी हात घालायचा नाही.

त्याने जागा सोडली आणि टँकभर फिरतोय.

पहिल्या आठवड्यात हे अपेक्षितच असतं. तो जागा शोधतोय. महिनोन्महिने एका ठिकाणी राहिलेला अ‍ॅनिमोन अचानक निघाला तर मात्र काहीतरी बदललंय असं समजा: दिवा बदलला, पंपाची दिशा फिरली, अल्कलिनिटी घसरली, शेजारी नवा प्रवाळ आला. आधी पाणी तपासा.

त्याला ओढून मूळ जागी बसवू नका. पायाची जखम सहज भरत नाही आणि कित्येक अ‍ॅनिमोन तेवढ्यानेच जातात. हलवणं अगदी भाग असेल तर तो बसलेला दगडच उचला.

वेव्हमेकरवर जाळी खरंच लागते का?

लागतेच. फिरता अ‍ॅनिमोन पंपात खेचला गेला की त्याच्या चिंध्या होतात, त्यातलं विष आणि कुजणारं मांस पाण्यात पसरतं आणि रात्रीत मासेही मरतात. प्रत्येक पंपाला, सम्पकडे (टँकखालच्या गाळणीच्या टाकीकडे) जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जाळी किंवा फोम हवा. हीटर उघडा असेल तर त्यालाही आवरण घाला. हे सगळं अ‍ॅनिमोन आणण्याआधी. फोम दर आठवड्याला काढून धुवा, नाहीतर प्रवाह मंदावतो.

खायला काय आणि किती?

आठवड्यातून एकदा, वाटाण्याएवढा तुकडा. बाजारातली ताजी कोळंबी सोललेली, माकूल, तिसऱ्यांचं मांस, हे सगळं चालतं. मीठ, हळद, लिंबू काही लावलेलं नको, शिजवलेलं नको. बारीक तुकडे करून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, खाऊ घालताना टँकच्या पाण्यात वितळवा.

लांब चिमट्याने तुकडा टेंटॅकल्सवर अलगद टेकवायचा, तोंडात कोंबायचा नाही. निरोगी अ‍ॅनिमोन काय करतो ते पाहण्यासारखं असतं. टेकवताक्षणी दोन-तीन टेंटॅकल्स चिकटतात, मग शेजारची वळून येतात, चकतीची ती बाजू आत दुमडते, आणि मधलं तोंड हळूहळू पुढे येऊन तुकड्यावरून वर सरकतं. चार-पाच मिनिटांत सगळा अ‍ॅनिमोन मुठीसारखा मिटतो. तुकडा नुसता टेंटॅकल्सवरून घरंगळला तर तो आजारी आहे किंवा भुकेला नाही. त्या दिवशी पुन्हा प्रयत्न नको.

मोठा तुकडा घातला तर दुसऱ्या दिवशी अर्धवट पचलेला गोळा बाहेर टाकतो आणि पाणी खराब होतं. क्लीनर श्रिम्प आणि खेकडे तोंडात पाय घालून घास ओढून काढतात. तेव्हा प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून, भोकं पाडून, खाणं गिळेपर्यंत त्याच्यावर पालथा घाला.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जायचं असेल तर खाण्याची चिंता करू नका. चांगला उजेड असलेला निरोगी अ‍ॅनिमोन कित्येक आठवडे तसाच राहतो. शेजाऱ्यांना खाऊ घालायला मुळीच सांगू नका. प्रेमापोटी जास्तच घातलं जातं. सांगायचं ते टॉप-ऑफची टाकी भरायला.

तो दिवसातून एकदा चेंडूसारखा आक्रसतो आणि तपकिरी तंतू बाहेर टाकतो.

मळ टाकतोय. अंगातलं जुनं पाणी आणि जादा शैवाल बाहेर काढून पुन्हा भरतो. काही तासांत पूर्ववत फुलला तर सगळं ठीक. दोन-तीन दिवस सतत आक्रसलेला राहिला, तोंड सैल पडलं, दिवसातून अनेकदा फुगणं-मिटणं चालू राहिलं तर काळजी करा.

टोकांचे फुगे गेले. आजारी आहे का?

नाही. बबल-टिपची टोकं कधी फुगीर असतात, कधी लांब दोऱ्यासारखी. फुग्यांवरून तब्येत ठरवू नका. रंग, चिकटपणा, तोंड आणि पायाची पकड, यांवरून ठरवा.

पांढरा पडलेला अ‍ॅनिमोन वाचतो का?

वाचतो, पण महिने लागतात. आधी कारण दूर करा: तापमान, अचानक वाढवलेला दिवा, खारटपणाचा झोका. मग मध्यम उजेड आणि आठवड्यातून दोन-तीनदा अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढं खाणं. शैवाल परत येईपर्यंत त्याचं पोट या खाण्यावरच चालतं. क्लाउनफिश त्याला घुसळत असेल तर माशाला काही काळ वेगळं ठेवा. तपकिरी छटा सहसा बुडख्याकडून आणि चकतीवरून परतू लागते.

क्लाउनफिश त्यात शिरतच नाहीत.

अ‍ॅनिमोनला मासा लागतोच असं नाही. निसर्गात मासा त्याचं बटरफ्लायफिशपासून रक्षण करतो, माशाच्या मळातल्या नायट्रोजनवर आतलं शैवाल पोसतं. टँकमध्ये हे सगळं तुम्ही भागवता.

आज दुकानात येणारे बरेच क्लाउनफिश हॅचरीत जन्मलेले असतात. ही चांगली गोष्ट आहे. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनेही त्यांचं बंदिस्त प्रजनन साधलं आहे. पण अशा पिल्लांनी अ‍ॅनिमोन कधी पाहिलेलाच नसतो. काही तासाभरात शिरतात, काही वर्षभर पंपाच्या मागे राहतात. जातीचाही फरक पडतो. मरून आणि टोमॅटो क्लाउनचा नैसर्गिक यजमान बबल-टिप, तर ओसेलारिसचे यजमान मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी. तरी टँकमध्ये ओसेलारिस बबल-टिप स्वीकारताना पुष्कळदा दिसतात. क्लार्की कशातही राहतो. थोडा धीर धरा, माशाला ढकलून आत घालू नका. उलट मोठी मरून क्लाउन मादी आणि छोटा अ‍ॅनिमोन ही जोडी लावू नका. ती त्याला रगडून आक्रसवते.

आणखी कोण सोबत चालेल?

चपळ, मध्ये पोहणारे मासे चालतात. सावकाश पोहणारे, वाळूवर विसावणारे, उदाहरणार्थ मॅन्डरिन, अधूनमधून अ‍ॅनिमोनच्या तावडीत सापडतात. बटरफ्लायफिश नकोच, ते त्याला टोचून खातात.

सकाळी उठून पाहतो तर एकाचे दोन झाले!

बबल-टिप उभा दुभागतो. काही वेळा खाणं-पिणं उत्तम म्हणून, काही वेळा ताण आला म्हणून. आधी पाणी तपासा. दोघांच्याही अंगावर फाटलेली कड दिसेल; ती भरून तोंड नीट होईपर्यंत, साधारण आठवडा-दीड आठवडा, खाऊ घालू नका. मुद्दाम ब्लेडने कापून दोन करण्याचे प्रकार मला मान्य नाहीत.

बारीक तपकिरी अ‍ॅनिमोन सगळीकडे उगवलेत.

तो ऐप्टेशिया, टँकमधलं तण. चिमट्याने चुरगाळू नका, उरलेल्या कणांतून नवे येतात. पेपरमिंट श्रिम्प किंवा बर्घिया नावाची समुद्री गोगलगाय तो खाते. थोडेच असतील तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने तोंडावर सोडा, प्रवाह बंद ठेवून आणि तुमच्या अ‍ॅनिमोनपासून लांब.

माशांना पांढरे ठिपके आलेत. औषध टाकू?

मुख्य टँकमध्ये नाही. ठिपक्यांची बरीच औषधं तांब्याची असतात आणि तांबं अ‍ॅनिमोनसाठी विष आहे. शिवाय ते दगडात आणि वाळूत मुरून नंतरही झिरपत राहतं. मासे वेगळ्या टँकमध्ये नेऊन उपचार करा. ज्या टँकमध्ये पूर्वी तांबं वापरलंय त्यातले जुने दगड अ‍ॅनिमोनसाठी घेऊ नका.

चार-पाच तास वीज गेली तर?

उजेड गेल्याने काही बिघडत नाही, प्राणवायू कमी पडल्याने बिघडतं. बॅटरीवर चालणारा एअर पंप कायम घरात ठेवा. घरच्या इन्व्हर्टरला दिवा-चिलर नको, फक्त एक वेव्हमेकर जोडा. त्या काळात कोणालाही खाऊ घालू नका.

मेलाय हे कसं ओळखायचं?

वासाने. मेलेल्या अ‍ॅनिमोनचा वास एकदा आला की विसरत नाही. अंग विरघळून तुकडे सुटतात, पाय कशालाच धरत नाही, तोंड उघडं राहतं. नुसता आक्रसलेला, पण पायाने धरून असलेला अ‍ॅनिमोन जिवंत आहे. त्याला फेकू नका. खरंच गेला असेल तर त्याच तासाला बाहेर काढा, चौथाई पाणी बदला आणि पाणी शुद्ध करणारा ताजा कार्बन लावा.

हाताला डंख बसतो का?

बबल-टिपचा बोटांना फारसा जाणवत नाही, मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीला चुरचुरतो. कार्पेटचा चांगलाच झोंबतो. हातमोजे घाला, हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर थेट डॉक्टर गाठा.

किनाऱ्यावरच्या खडकात अ‍ॅनिमोन दिसतात. एखादा आणू?

आणू नका. हाजी अलीपासून मालवणपर्यंत ओहोटीच्या डबक्यांत ते दिसतात हे खरं. पण भरती-ओहोटी, ऊन आणि गढूळ पाणी यांत घडलेला तो जीव उबदार, स्थिर काचेच्या टँकसाठी नाही. खडकावरून सोडवतानाच बहुतेकांचा पाय फाटतो. मालवणच्या सागरी अभयारण्यात तर काहीही उचलायचं नसतं. 1987 पासून ते संरक्षित आहे. ओहोटीला तिथे जा, वाकून बघा, फोटो काढा.

कायद्याचं काय?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 अन्वये खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना 2001 पासून अनुसूची 1चं संरक्षण आहे. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही त्यात येतो. म्हणून अ‍ॅनिमोनच्या टँकसाठी समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (जिवाणू आणि बारीक जीव बसलेला दगड) न घेता सिरॅमिक किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड घ्या. जिवाणू त्यावरही बसतात, फक्त वेळ लागतो. अ‍ॅनिमोन घेताना तो कुठून आला ते विचारा आणि बिल घ्या. फिलिपिन्समधल्या सेबूच्या किनाऱ्यावर जिथे व्यापारासाठी उपसा झाला तिथे अ‍ॅनिमोन आणि क्लाउनफिश दोन्ही विरळ झालेले आढळले. अ‍ॅनिमोन नाहीसा झाला की त्यातला मासाही निराधार होतो.

किती वर्षं जगतो?

आपण नीट वागलो तर दशकं. स्कॉटलंडमध्ये निसर्ग-अभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी 1828 साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून एक साधा लाल अ‍ॅनिमोन आणून काचेच्या भांड्यात ठेवला. ‘ग्रॅनी’ म्हणून प्रसिद्ध झालेला तो जीव डॅलिएल यांच्यामागेही जगला आणि 1887 साली एडिंबरात गेला. ना एलईडी, ना चिलर. तो थंड पाण्यातला, शैवालावर न जगणारा, म्हणून त्याची गरज कमी; पण पाणी बदलणारे आणि मापात खाऊ घालणारे हात त्याला एकामागून एक मिळत गेले. दोन वर्षांत आपला अ‍ॅनिमोन गेला तर ‘त्याचं आयुष्य तेवढंच’ असं म्हणू नये.

बदली झाली, टँक बंद करतोय. अ‍ॅनिमोन समुद्रात सोडू का?

कधीच नाही. तो दुसऱ्या समुद्रातला असतो आणि टँकमधले रोग, परजीवी सोबत नेतो. आपल्या गावातल्या, किमान वर्षभर जुना टँक असलेल्या माणसाला द्या. तो बसलेला दगडच द्या, म्हणजे पाय सोडवावा लागणार नाही. दगडासकट झाकणाच्या बादलीत, टँकच्याच पाण्यात, बॅटरीचा एअर पंप लावून न्या. आदल्या तीन दिवसांत खाऊ घालू नका, म्हणजे वाटेत पाणी खराब होणार नाही. सोबत तुमच्या पाण्याचे शेवटचे आकडे, दिव्याचे तास आणि खाण्याचा वार एका कागदावर लिहून द्या.